चौदाशे एकोणऐंशी

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात सगळे क्लचबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवली आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवलं, "क्लच सोड, पण सोडून देऊ नकोस." ज्याला हे वाक्य कळलं त्याची गाडी पुढे गेली. ज्याला नाही कळलं त्याची गचके खात बंद पडली. मी दुसऱ्या जातीची. तीन आठवडे गचके खाल्ले आणि मग कुठे कळलं.

त्यांची मोजायची रीत कडक. परीक्षेत पास झालेला माणूसच त्या आपल्या लांबट वहीत लिहायच्या आणि तिथल्या तिथे त्याला त्याचा नंबर सांगायच्या. चार दिवस येऊन पळालेले, दुसऱ्याकडे जाऊन पास झालेले, यांना वहीत जागा नाही. लोक तो नंबर जपतात. आमचा प्लंबर दारातूनच ओरडतो, "बाई, सातशे चाळीस आलाय!" दवाखान्यात रक्त काढणारी नर्स सुई टोचता टोचता म्हणाली होती, "घाबरू नका बाई, मी नऊशे अकरा." मी अकराशे दोन. सून म्हणून या घरात आले त्याच्या आधीपासून.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शेवटचा माणूस होता कोपऱ्यावरचा बेकरीवाला, नंबर चौदाशे एकोणऐंशी. निरोपाच्या भाषणात स्कूलच्या मालकांनी हा आकडा तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या, पण कान कसे लाल झाले होते ते मी पाहिलं.

आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत, डोक्यावर 'शिकाऊ' असा फलक घेऊन हिंडलेली ही बाई. चौसष्टाव्या वर्षी तिने स्वतःची पहिली गाडी घेतली. छोटीशी, राखाडी. आणि हट्ट एकच, नंबर हवा तो मागून घ्यायचा. लोक वाढदिवस मागतात, लकी नंबर मागतात. यांना आपली माणसं हवी होती पाटीवर.

फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. तो मी भरला. इथून पुढचं सगळं पाप माझं.

"आई, नंबर सांगा."

"चौदाशे एकोणऐंशी," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"एकोणऐंशीच ना? नक्की?"

"अगं हो. एकोणऐंशी."

दोघींनी शब्द एकच उच्चारला. पण माझं सगळं गणित इंग्रजीत झालेलं. ऐंशी कानावर पडलं की माझ्या डोक्यात आठ उभा राहतो, आणि एकोण म्हटलं की शेवटी नऊ. आठ आणि नऊ. मी बेधडक १४८९ टाकलं आणि पाठवून दिलं. हा आकडा मी शंभरदा ऐकला होता, लिहिलेला एकदाही पाहिला नव्हता. तिथेच घात झाला.

गाडी घरी आली त्या सकाळी नंबर प्लेटवर खाकी कागद चिकटवलेला होता. सासूबाईंनी इस्त्रीचे कपडे घातले होते, शेजारच्या काकू मुद्दाम थांबल्या होत्या, नवरा फोन रोखून उभा. त्यांनी कागद ओढला, वाकून वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"हे काय आहे?"

"तुमचा नंबर. चौदाशे एकोणऐंशी," मी ऐटीत म्हणाले.

"अगं, हे एकोणनव्वद आहे."

नवरा फिदीफिदी हसायला लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी कागद घडी करून हातात धरला आणि त्या आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी आम्ही दोघी नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतला माणूस त्यांना पाहून उभाच राहिला. "बाई, मी सहाशे आठ! तुमच्यासाठी जीव देईन. पण दिलेला नंबर बदलत नाही हो. तसा नियमच आहे."

घरी येऊन नवऱ्याने समजूत काढली. "आई, दहाचा तर फरक आहे. कोण मोजतंय?"

"मी मोजतेय," त्या म्हणाल्या. "दहा माणसं मी शिकवलेली नाहीत. ती पाटीवर लावून गावभर मिरवू? उद्या तो बेकरीवाला विचारेल, बाई, माझ्यानंतर हे दहा कोण? काय सांगू त्याला?"

"सांग, सुनेने शिकवले."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला.

तीन दिवस गाडी फाटकात उभी होती. त्यांनी तिला हात लावला नाही. एवढ्या वर्षांची एकच हौस, तीही माझ्या हातून मातीत गेली. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या कपाटाखालून जुने बूट काढत होत्या. पातळ तळव्याचे, शिकवायचे बूट. जाड तळव्यातून क्लच कळत नाही असं त्यांचं म्हणणं.

"कुठे निघालात?"

"दहा माणसं आणायला."

स्कूलच्या मालकांना आनंदाचं भरतं आलं, पण माणूस बेरकी. नवे विद्यार्थी त्याने नव्या मास्तरांकडेच ठेवले आणि बाईंच्या हवाली केलं ते नापासांचं गाठोडं. अकरा जण. दोनदा, तीनदा, चारदा आपटलेले. एक शिवणकाम करणारी बाई होती, रिव्हर्स घेताना डोळे मिटायची. एक बँकेतला कारकून, आरशात फक्त स्वतःला बघायचा. आणि एक औषधवाले काका, दुकान मुलाच्या हातात देऊन मोकळे झालेले. यांची सभ्यता अशी की रस्त्यात कुणीही दिसलं की थांबायचे. माणूस, कुत्रा, सायकल, सगळ्यांना हाताने "या, या" करायचे. परीक्षकाने त्यांना शेवटच्या खेपेला विचारलं होतं, आपण पोचणार आहोत का.

सासूबाई रोज बसने जायला लागल्या. फाटकातून बाहेर पडायचं ते स्वतःच्या कोऱ्या गाडीला वळसा घालून. रविवारी तिला धुवायच्या, बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायच्या, पण चाक तसूभर हलू द्यायच्या नाहीत. शेजारच्या काकूंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बाईंना गाडी चालवता येते ना गं?" मी तोंडात येईल ते बोलले त्यांना. नंतर माफी मागितली, पण अर्धीच.

पहिला पास झाला तो कारकून. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "चौदाशे ऐंशी." माझ्याकडे वळून पुढे जोडलं, "आठ आणि शून्य." मग प्रत्येक वेळी तेच. "चौदाशे त्र्याऐंशी. आठ आणि तीन बरं का." नवरा ताटात तोंड खुपसून हसायचा. मी ऐकून घ्यायचे. मला तर ते ऐकताना बरंच वाटायला लागलं होतं.

सात महिने लागले. शिवणवाल्या बाईंना त्यांनी आठवडाभर फक्त मागेच चालवायला लावलं. पुढे जायचंच नाही. "मशीनवर उलटी टीप मारता तेव्हा डोळे मिटता का?" एवढंच म्हणाल्या. दहाव्या नंबरावर पास झाली ती हीच बाई. परीक्षेच्या मैदानातच सासूबाईंनी तिला सांगितलं, "तुम्ही चौदाशे एकोणनव्वद." ती रडायलाच लागली. मी तिथे होते. मीही रडले, खोटं का बोलू?

संध्याकाळी सासूबाईंनी गाडी फाटकाबाहेर काढली. आम्ही दोघं मागे बसलो. गाडी अशी निघाली की निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. बेकरीसमोरून त्यांनी मुद्दाम सावकाश नेली. बेकरीवाला बाहेर आला, पाटी पाहिली, पटापट बोटं मोजली आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "माझ्यानंतर दहा!" मला सांगा, असा मान कुणाच्या वाट्याला येतो? माझ्या सासूच्या आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्या परत बूट बांधतायत.

"आता कुठे?" नवरा म्हणाला. "झाले की दहा."

"औषधवाले काका राहिलेत. अकरावे."

"आई, नंबर आत्ता कुठे बरोबर जुळलाय. काका पास झाले की परत चुकेल. दे ना त्यांना दुसऱ्या कुणाकडे."

सासूबाईंनी नाडीची गाठ मारली, उठल्या आणि गाडीची किल्ली घेतली.

"चुकू दे," त्या म्हणाल्या. "न शिकवलेला माणूस पाटीवर लिहायचा नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. शिकवलेला लिहायचा राहिला तर राहू दे."

काका पुढच्या महिन्यात पास झाले. त्यांच्यामागून आणखी आले, अजून येतायत. सिग्नलला कुणी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, हाच का बाईंचा आकडा, तर मी काच खाली करून सांगते, "नाही हो, चुकीचा आहे. खरा मोठा आहे."