भोंग्यातला भाऊ

माझा मोठा भाऊ जाऊन आज वर्ष झालं, आणि तो गेल्या आठवड्यापर्यंत गावावर ओरडत होता.

खोटं नाही सांगत. नागभीडजवळ आमचं गाव आहे, येऊन कुणालाही विचारा.

सुधाकरभाऊ. शहरवाल्यांसाठी स्मार्ट सिटीचे टेक्नॉलॉजी हेड. सिग्नल, कॅमेरे, रस्त्यावरचे लाइट, कचऱ्याच्या गाड्या, सगळं एका मोठ्या स्क्रीनवर आणणारा माणूस.
आमच्यासाठी धानाच्या बांधीतून चिखल तुडवत शाळेत गेलेला पोरगा.

नोकरीत त्याने शहरं बदलली. थकवा तोच राहिला.

उद्घाटनाला फीत, फोटो, भाषण. नंतर मेंटेनन्सच्या नावाने बोंब आणि कॅमेऱ्यांवर जळमटं.
मग पुढचं शहर. पुन्हा फीत.

सुट्टीत घरी जेवायला बसला तरी फोन. "सर, चौकातला सिग्नल बंद पडला." ताट तसंच.

एकदा मी चिडलो. "भाऊ, सोड ना आता हे."
"सोडून करू काय? मले दुसरं येते काय?"

मग सरपणाला गेलेल्या शेजारच्या काकूला वाघाने नेलं.

भाऊ आला तो परत जायचं नावच घेईना. परवानग्यांसाठी ऑफिसं झिजवली. जंगलाच्या कडेला कॅमेरे लावले. कॅमेऱ्यात वाघ दिसला की ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजणार, लोक घरात जाणार. सोपं.

पहिल्यांदा भोंगा वाजला आणि अख्खं गाव मोबाईल घेऊन बाहेर!

काय करता. आमच्याकडे भोंगा म्हणजे मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाची जाहिरात. वाजला की धावायचं, ही लहानपणापासूनची सवय.
एकाने तर भाऊलाच व्हिडिओ पाठवला. "पाहा भाऊ, वाघ एकदम क्लिअर!"

एवढी शहरं सांभाळलेला माणूस डोक्याला हात लावून बसला.

मग त्याने सायरन काढला आणि स्वतःचा आवाज भरला.

"वाघ आला रे! घरात व्हा! पाह्यले काऊन जाता? जावई नोहे तो तुमचा!"

गाव पोट धरून हसलं. पण घरात गेलं. घरच्या माणसाचं बोलणं लागतं.
भाऊ म्हणायचा, "जिंदगीत माही हेच एक सिस्टीम लोकायनं ऐकली."

मग तो शहरात कामावर परतला. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ऑफिसातच त्याचा जीव गेला. हार्ट अटॅक. मीटिंग चालू होती.

त्यानंतर वाघ आला, तेव्हा भाऊचा आवाज गावभर घुमला. सगळे घरात.
आणि आमची माय बाहेर.

अंगणात, उघड्यावर, भोंग्याकडे तोंड करून उभी. हाताला धरून आत आणावी लागली.
दर वेळी हेच.

"माय, वाघ आहे ना बाहेर!"
"पोरगा बाहेर ओरडून राह्यला, अन् मी घरात जाऊन बसू?"



आवाज बदलायला हवा, हे मला कळत होतं. हात धजत नव्हता. आमच्याकडे भाऊचा तेवढाच आवाज उरलाय. गावातले लोकही म्हणत, राहू दे.

गेल्या आठवड्यात वाघ आमच्या गोठ्यामागून गेला. माय अंगणातच होती.
मग ठरवलं.

मायलाच म्हटलं, आता भोंग्यातून तू बोल. आज सकाळी तिच्यापुढे मोबाईल धरला. फोटोला बसतात तशी पदर सावरून बसली.

"वाघ आला. घरात व्हा सगळे."

मी रेकॉर्डिंग थांबवणार, तेवढ्यात पुढे बोलली.

"सुधाकर, तू बी ये बाबा. बहुत झालं."

ते मी कापलं नाही. आता वाघ आला की अख्खं गाव तेही ऐकेल.

भाऊ, मायने बोलावलंय. ये घरात.