कुमुदकाकूंचे पंचवीस मीटर

सहलीला कुमुदकाकू बरोबर असल्या की आम्हा सगळ्यांचे हात मोकळे असायचे. तळं असो की नेकार नदीचा काठ, त्या सतरंजी अंथरून बसायच्या आणि म्हणायच्या, "जा तुम्ही, मी आहे सामानाजवळ." जर्मनीत नेकारसुल्मला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते आणि मोटारींच्या कारखान्यात काकांच्याच विभागात नोकरीला होते. चार वर्षं मी पर्स, चपला, घड्याळ त्यांच्यापुढे निर्धास्त टाकून पाण्यात उतरले. त्यांनाही यावंसं वाटतं का, हे एकदाही विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते.

मग लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला काका त्यांना बार्बाडोसला घेऊन गेले. परतल्यावर मी फोटो पाहायला गेले, तर काकू फोटो बाजूला ठेवून भलत्याच गोष्टी सांगू लागल्या.

"अगं, तिथे भल्या सकाळी बायका समुद्रावर येतात. माझ्याहून जाड, माझ्याहून म्हाताऱ्या. गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात, आपण ओट्याशी मारतो तशा. एकीनं मला बोलावलं. मी पिशव्या दाखवल्या. इतकी हसली मेली! म्हणाली, पिशव्यांना कुठे पोहता येतंय, त्या कुठे पळून जाणार?"

"मग गेलात का?"

"गुडघाभर पाण्यात. लाट आली की मागे. आठही दिवस तेच. एवढी सातासमुद्रापलीकडे गेले, आणि काठावर बसून आले गं."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी विषय बदलला.

काकूंनी मात्र बदलला नाही. पुढच्याच सोमवारी त्या हालेनबाडमध्ये, म्हणजे गावच्या बंदिस्त तलावावर, नाव घालायला गेल्या. मोठ्यांच्या वर्गासाठी वर्षभर थांबावं लागणार होतं, म्हणून सरळ लहान मुलांच्या वर्गात शिरल्या. इथे मुलांची पोहण्याची पहिली परीक्षा असते, झेपफर्डशेन. काठावरून उडी मारायची, खांद्याइतक्या पाण्यातून बुडी मारून रिंग काढायची आणि पंचवीस मीटर पोहायचं. पास झालं की समुद्रघोड्याचा कापडी बिल्ला मिळतो. "या देशात कागद नाहीतर बिल्ला, काहीतरी दाखवल्याशिवाय कोणी मानत नाही," काकू म्हणाल्या. "मीही घेणार."

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. काकू पंजाबी ड्रेस घालून तलावाशी हजर झाल्या, आणि शिकवणाऱ्या बाईंनी ठाम मान हलवली. पोहण्याचाच पोशाख हवा, दुसरं काही चालणार नाही. घरी काका वैतागले.

"या वयात हे शोभतं का? कंपनीतली माणसं येतात तिथे."

"अहो, तीस वर्षं तुम्हाला शोभेल तेच नेसले. आता मला तरंगता येईल ते घालते."

पुढच्या वर्गाला मी बरोबर गेले. काकू हनुवटीपर्यंत टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. "कोणी बघतंय का गं?"

"सगळेच बघतायत."

"आल्झो, मग बघू देत," असं म्हणून त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला.

पुढे चार महिने सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत त्या पाय आपटायला शिकल्या. परीक्षेच्या दिवशी काका आले, पण कोट घालून, घुम्यासारखे बाकावर बसून राहिले. काकूंनी बुडी मारून रिंग काढली. मग नाक दाबून उडी घेतली आणि पोहायला लागल्या. अर्ध्या वाटेत नाकात पाणी गेलं, श्वास चुकला आणि त्यांचा हात काठाकडे गेला. काठ धरला की नापास. "वाइटर, ओमा, वाइटर!" काकूंना आजी म्हणत पोरं ओरडायला लागली. मीही ओरडले, "काकू, पुढे! थांबू नका!" बोटभर अंतरावरून त्यांनी हात मागे घेतला. आणि धापा टाकत, पाणी उडवत, शेवटची भिंत गाठली.

पोरांनी तलाव डोक्यावर घेतला. काका बूट घालूनच ओल्या फरशीवरून धावले, आणि शिकवणाऱ्या बाईंनीही त्यांना अडवलं नाही.

"कुमुद, जिंकलीस!" त्यांनी वाकून हात पुढे केला. "चल, ये आता बाहेर."

"बाहेर? अहो, आत्ता कुठे आत आलेय," काकू म्हणाल्या आणि भिंतीला पाय लावून परत निघाल्या.