छपरावरची निळी ताडपत्री

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. पत्नीलाही अर्धंच सांगितलं होतं. आता सत्तरी उलटली.

छातीच्या डॉक्टरांसमोर मी आणि सदानंद बसलो होतो. आजारी होता तो, आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतला परिचर. मी विभागप्रमुख. सकाळी बेसिन धरून तो खाली बसला, म्हणून त्याला माझ्या गाडीतून आणलं होतं. वर्षभर तो खोकत होता आणि मी त्याला ज्येष्ठमध चघळायला सांगत होतो.

त्याची स्पायरोमेट्री झाली. म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. श्वास किती आणि किती वेगाने बाहेर पडतो ते यंत्र मोजतं. कागद बघून डॉक्टरांनी एकच विचारलं, "गणपतीच्या सुट्टीत खोकला होता?"

"नाय ओ. दहा दिवस वाडीत घरोघर आरत्या म्हटल्या. माझा आवाज ऐकून मूर्तीसुद्धा दचकली असेल, पण खोकलो नाय."

डॉक्टर हसले नाहीत. "ऑक्युपेशनल ॲस्थमा. कामाच्या जागच्या हवेने जडलेला दमा. आता थोडी वाफ गेली तरी दम लागेल. यांची जागा बदला. तिथली हवा कशी आहे, ते कॉलेजकडून लेखी आणा. मी बदलीची शिफारस करतो."

लेखी देणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी फ्यूम हूडसमोर उभा राहिलो. विषारी वाफा ओढून छपरावरून बाहेर टाकणारं हे काचेचं कपाट. पंखा घरघरत होता. तोंडाशी कागदाची पट्टी धरली. आत ओढली जायला हवी होती; हललीसुद्धा नाही.

मग आठवलं. दोन पावसाळ्यांपूर्वी हूडच्या धुराड्यातून पाणी गळत होतं, म्हणून वरच्या तोंडावर निळी ताडपत्री बांधायला मीच सांगितलं होतं. बांधली सदानंदने. पावसाळा सरला, पण ती काढायची कोणालाच आठवण झाली नाही. दोन वर्षं ॲसिडच्या वाफा तिथेच घुमत होत्या आणि सदानंद बाटल्या भरत होता.

त्याच आठवड्यात तपासणी समिती यायची होती. भिंती रंगवल्या, नव्या पाट्या लावल्या, खिडक्या बंद करून एसी बसवला. एसी आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना कळत नव्हतं? कळत होतं! छपरावर मात्र एकही माणूस चढला नाही. समितीने बटण दाबलं, पंख्याचा आवाज ऐकला आणि चहा घेतला.

डॉक्टरांनी मागितलेल्या कागदावर मी लिहून दिलं: हवा खेळती, फ्यूम हूड चालू स्थितीत. त्या कागदावरून सदानंदची बदली नाकारली गेली. समिती गेल्यावर मी स्वतः शिडी लावून ताडपत्री सोडली.

सदानंदच्या ते लक्षात आलं. "सर, ताडपत्री कुठं गेली?"

"वाऱ्याने गेली असेल."

"वाऱ्याने?" तो माझ्याकडे बघत राहिला. "माझी गाठ होती ओ, सर." पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं तो खिशात दम्याचा पंप ठेवून तिथेच राबला.

तुम्ही अशा इमारतीत काम करत असाल, तर पंख्याच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. कागदाची पट्टी धरा. सुट्टीत खोकला थांबत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. आणि साहेब ज्येष्ठमध सुचवू लागला, तर त्याला हाताला धरून छपरावर न्या.

गेल्या गणपतीत मी मांडवीच्या माझ्या घरून रिक्षाने मिरजोळ्याला त्याच्या घरी गेलो. आरती चालू होती. सदानंद खुर्चीत बसून नुसता टाळ वाजवत होता. "बसा सर, प्रसाद घेऊन जा," म्हणाला. मी प्रसाद घेतला आणि परत आलो.

दिवाळीच्या आधी तो गेला.

त्या दिवशी त्याच्याकडे जाताना रिक्षात जे घोकत गेलो होतो, ते इतकंच होतं: सदानंद, तुझी गाठ पक्की होती. ती मी सोडली, आणि तुझ्या आजारावर खोटं लिहून दिलं. मला माफ कर.