बिनमालाची भिंत

आमच्या घराची मागची भिंत ओळंबामामानं बांधली. खरं नाव कुणी विचारलंच नाही. गळ्यात कायम ओळंब्याची दोरी, म्हणून ओळंबा. लढाईत जीव मुठीत धरून सीमेपलीकडून आलेला गवंडी. दिवसभर आमची घरं पक्की करायची आणि सांजच्याला गावाबाहेरच्या छावणीत, पत्र्याच्या खोपटात शिरायचं. सरकारचा नियमच तसा: निर्वासितानं छावणीत पक्कं काही बांधायचं नाही. पक्कं बांधलं की माणूस परत जायचं नाव घेत नाही म्हणे!

त्याची म्हातारी आई त्या पत्र्याला भ्यायची. वारा सुटला की पत्रा धडधडायचा, आणि तिला वाटायचं, आले बंदूकवाले. खाटेखाली जाऊन बसायची. हा वाकून म्हणायचा, "आये, वारा आहे गं."

"वाऱ्याला बूट असतात का रे?"

शेवटी मामानं आमच्याकडच्या उरलेल्या विटा नेल्या आणि वाऱ्याच्या अंगाला भिंत रचली. नुसती रचली. सिमेंट-वाळूचा माल थापीभरसुद्धा नाही, पण वीट विटेत अशी बसवलेली की वरून मांजर पळालं तरी हलायची नाही. पत्रा गप झाला. म्हातारी खाटेवर झोपायला लागली.

छावणीचा साहेब तपासणीला आला. "हे काय रे?"

"विटा ठेवल्यात, साहेब."

"एवढ्या उंच?"

"खाली पसरल्या तर आम्ही कुठं पसरायचं?"

साहेब हसला, पण उतरवायला लावल्याच. त्याची गाडी वळते न वळते तोच सगळी आळी विटा द्यायला उभी. पुढं दर तपासणीला तेच. गाडीची धूळ दिसली की भिंत खाली, धूळ बसली की वर. आम्हीही वीट झेलायला जायचो. मजेचे दिवस होते, आमच्यासाठी. म्हातारी तेवढा वेळ आमच्या आईपाशी बसून साहेबाच्या सात पिढ्या उद्धरायची.

गेली ती त्याच भिंतीआड. खाटेवर.

कैक वर्षांनी आत्ता कुठं पक्कं बांधायची मुभा मिळाली. मामा पार वाकलाय. सुनेनं घमेलंभर माल कालवून दिला आणि ती कामाला गेली. परतून बघते तर भिंत छातीएवढी, आणि घमेल्यात मालाचा दगड.

"अहो मामंजी, माल लावलाच नाही की!"

मामानं थापीवरून बोट फिरवलं. कोरडी होती.

सुनेनं पदर खोचला आणि मधल्याच विटेला हात घातला. तसा म्हातारा खेकसला, "अगं वरून! वरून उतरव! एवढ्या वेळा उतरवली, अजून शिकली नाहीस?"