बोनेट थंड होईपर्यंत

"या वहिनी," म्हणत गाडीचा दलाल गोड हसला आणि माझं पित्त खवळलं. चार वर्षांपूर्वी याच माणसानं हिंगणघाटच्या याच आवारातून एक जुनी गाडी आमच्या गळ्यात मारली होती. तीन महिन्यांत तिचं इंजिन बसलं, तेव्हा स्टिअरिंग नेमकं माझ्या हातात होतं. "गाडी तापली तरी बाई हाकलत राह्यली," असं यानं गावभर केलं. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत मी इंजिन जाळणारी बाई झाले. इंजिन दुरुस्त करून नवरा तीच गाडी चालवत राहिला, पण तेव्हापासून त्यानं मला चावीला हात लावू दिला नाही.

आता त्याला टर्बोवाली, जोरात पळणारी छोटी गाडी हवी होती. याच दलालाकडून, दसऱ्याच्या आत. मी लगेच आमच्या त्या जुन्या गाडीतून सोबत निघाले. नव्या गाडीशी मला काही देणंघेणं नव्हतं. या माणसाला चार लोकांत तोंडघशी पाडायचं होतं, आणि त्यासाठी मी वर्षभर एका मेकॅनिकचं डोकं खाऊन सगळं शिकून घेतलं होतं.

बोनेटवर हात ठेवला तर गरम. थंड इंजिनाचं दुखणं कळू नये म्हणून आम्ही येण्याआधीच त्यानं ते तापवून ठेवलं होतं.

"थंड होऊ द्या," मी खुर्ची ओढली. "तोवर चहा सांगा."

दोन तास हलले नाही. बाकीची गिऱ्हाइकंही मजा बघायला जमली.

"एका डॉक्टरची हाये वहिनी. घर ते दवाखाना, बस," दलाल म्हणाला.

मी वाकून पुढच्या जाळीत टॉर्च मारला. आत कापसाचे तंतू तेलात भिजून गच्च बसले होते.

"डॉक्टर दवाखान्यात जिनिंग चालवते का?"

लोक फिदीफिदी हसले. मग मी थंड इंजिन चालू करायला लावलं. मागून निळा धूर निघाला.

"टर्बो तेल खाऊन राह्यला," मी मोठ्यानं म्हणाले. "आता सगळ्यांसमोर सांगा, माझ्या गाडीचं इंजिन काऊन बसलं होतं?"

त्याला घाम फुटला. मला फार बरं वाटलं.

"ते आधीच एकदा खोललेलं होतं, वहिनी."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"साहेबाले सांगितलं होतं ना! ते म्हणे, दसऱ्याले दारात गाडी पायजे, बाईले नका सांगू. अन् इंजिन बसलं तेव्हा तेच म्हणे, तिच्याच डोक्यावर जाऊ द्या."

नवरा खाली मान घालून चपलेनं माती उकरत होता. चार वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या देत होते.

मी त्याच्या शर्टाच्या खिशातून आमच्या गाडीची चावी काढून घेतली.

"अहो, बसस्टँड जवळच हाये. या तुम्ही बसनं."

पहिल्या गिअरला गाडीनं जरा धक्का दिला, पण बंद पडली नाही. आरशात तो हात हलवत मागे धावताना दिसला. मी दुसरा गिअर टाकला.