कम्प्युटरचाही दसरा काढला

घटस्थापना जवळ आली की आमच्याकडे घराघरांत दसरा काढतात. म्हणजे घरातलं असेल नसेल ते अंगणात आणायचं, जाळ्या काढायच्या, डबे घासायचे, गोधड्या धुवायच्या. त्या आठवड्यात माझ्या अंगात काहीतरी संचारतं. हाताला लागेल ते मी घासायला घेते. नवरा म्हणतो, या दिवसांत तुझ्यासमोर उभं राहायची सोय नाही, मलाही धुऊन दोरीवर घालशील.

त्या वर्षी मी दूध केंद्रातल्या कम्प्युटरचाही दसरा काढला.

केंद्र गावाच्या टोकाला, राजूरच्या रस्त्यावर. सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध तिथं येतं, आणि टँकर येईपर्यंत मोठ्या कूलरमध्ये थंड राहतं. माप आणि पावत्या माझ्याकडे. कूलर सांभाळायचे माझे सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामा म्हणतात; गाव त्यांना आबा म्हणतं. केंद्र सुरू झालं तेव्हापासून मामा तिथं होते आणि त्यांच्या हातून कधी दूध नासलं नव्हतं. हे ते स्वतः कधी बोलायचे नाहीत, गाव बोलायचं. बाजारात कुणी ओळख विचारली तर मीही ‘कूलरवाल्या आबांची सून’ असं सांगायची, आणि ते सांगताना मला बरं वाटायचं.

हा कूलर कम्प्युटरला जोडलेला. लाइट कधी गेली, कधी आली, बटण कधी दाबलं, दूध किती थंड आहे, सगळं एका फाईलमध्ये आपोआप लिहिलं जायचं. त्याला लॉग म्हणतात. तो लॉग कुणी वाचत नव्हतं. वर्षानुवर्षं तो फुगत गेला, डिस्क भरली आणि ऐन सकाळच्या गर्दीत कम्प्युटर अडकला. कॅन घेऊन उभी असलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. भोकरदनला एसटीनं जाऊन-येऊन कम्प्युटर शिकलेली मी, मला तो सरळ अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसले. आधी की-बोर्ड उलटा करून झटकला. मग जुने लॉग होते तेवढे सगळे एका फटक्यात उडवले. सेटिंगमध्ये दोन चौकटी होत्या. एकीत लॉग किती दिवस ठेवायचा ते, दुसरीत फाईल किती मोठी होऊ द्यायची ते. दिवसांच्या चौकटीत मी तीस टाकले. फाईल पुन्हा फुगायला नको म्हणून दुसरीत चालेल तेवढा लहान आकडा टाकला. महिनाभराचं सगळं राहील असं मी धरून चालले. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी भरेल तीच लागू होते, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ते वाचायला मी थांबले नाही. स्वच्छतेच्या तोऱ्यात होते ना.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी, मी विहिरीवर गोधड्या धूत होते. ऊन उतरल्यावर परत येताना बघते तर केंद्रामागच्या नाल्याचं पाणी पांढरं झालेलं. नासलेलं दूध नाल्यात सोडून दिलं होतं. मी गोधड्यांची ओली पाटी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि केंद्रात गेले.

केंद्राचे मालक येऊन बसले होते. संध्याकाळचं दूध घेऊन आलेली माणसं दाराशी थांबली होती. मामा कूलरला टेकून उभे होते.

“आबा, खरं सांगा, डोळा लागला होता का?” मालकांनी विचारलं.

“न्हाई. लाइट आली पर दाब कमी व्हता. कूलर बसला. म्या लगेच बटण दाबलं. चार-पाच येळा दाबलं. जरा चालायचा अन् बसायचा. मंग वायरमनला आणाया गेल्तो. तो सोयाबीनच्या वावरात व्हता.”

“ठीक आहे. कम्प्युटरमध्ये असेलच.”

मी पुढं झाले. मामा खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं. हात पदराला पुसले, फाईल उघडली. वरपासून खालपर्यंत एकच ओळ होती: कूलर बंद आहे. कूलर बंद आहे. कूलर बंद आहे.

कूलर बंद पडला की ती ओळ थांबतच नाही, एकामागून एक पडत राहते. तिनं माझी इवलीशी फाईल भरून टाकली होती, आणि नव्या ओळींना जागा व्हावी म्हणून जुन्या ओळी पुसल्या गेल्या होत्या. मामांनी दाबलेली बटणं त्या पुसलेल्या ओळींत होती. उरला होता तो फक्त ते वायरमनला शोधत होते तेवढा वेळ. कूलर बंद, आणि त्याला कुणाचा हात नाही. झोपलेल्या माणसाचा लॉग असाच दिसला असता.

मी तिथल्या तिथं बोलले, “मालक, हा लॉग अर्धाच आहे. मर्यादा मी चुकीची लावली. आधीचं पुसलं गेलंय.”

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी सेटिंग उघडून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं.

“इथं तर तीस दिवस लिहिलंय, वहिनी.”

मी दुसरी चौकट समजावायला लागले. माझं मलाच ते ऐकू येत होतं: अडखळणारं, थापा मारणाऱ्यासारखं. मालक हसले. म्हणाले, “सुनेनं सासऱ्याची बाजू घ्यावी, चांगलंच आहे.” दारातली माणसंही हसली. हीच माणसं मी स्क्रीनवरून वाचून सांगितलेलं दुधाचं फॅट रोज मुकाट्यानं मान्य करायची.

मामा खाली बघून म्हणाले, “बाई, ऱ्हाऊ दे. तू जितकं बोलून राह्यली तितकं माझंच वाईट दिसून राह्यलंय.”

मी सेटिंग बंद केलं. मालकांनी मामांना सांगितलं, आबा, आता वय झालं, घरी आराम करा. फार नम्रपणे सांगितलं. मला कुणी काही म्हणालं नाही. आणि लाज वाटते ती याची, की छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही मला त्या क्षणी वाटलं. माझं काम टिकलं होतं.

घरी मी त्यांच्यासमोर रडले. ते म्हणाले, “तू काय मुद्दाम केलं का? चहा टाक.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आता ते आमच्या म्हशीचं दूध घेऊन इतरांसारखे रांगेत उभे राहतात. नंबर आला की कॅन ठेवतात, मी फाडून दिलेली पावती घडी करून खिशात घालतात. कूलरकडे बघत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत नाही.

मर्यादा मी दुसऱ्याच दिवशी नीट लावली. आता फाईलला भरपूर जागा आहे, महिना झाला की जुना लॉग आपोआप जातो. मामांनी कूलर सांभाळलेल्या सगळ्या चांगल्या दिवसांचे लॉग तर मी आधीच झाडून टाकले होते. त्यातला एकही कुठं नाही.

ती एक दुपार मात्र आहे. कूलरवर येणाऱ्या नव्या माणसाला, झोपलं की काय होतं ते दाखवायला उपयोगी पडेल, म्हणून ती फाईल कधीच पुसायची नाही असं मालकांनी बजावलंय. तिच्यासाठी मला वेगळं फोल्डर करायला लावलं. नाव काय देऊ विचारलं, तर म्हणाले, आबांचंच द्या, म्हणजे लगेच सापडेल. मी मामांचं पूर्ण नाव टाइप केलं.