आधी अक्काच्या दारात

एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "ताई, मंगळवार पेठेतल्या मावशींना आता नीट दिसत नाही. मुलगा पुण्यात. त्यांच्या बोळात रिक्षा येत नाही. तुम्ही त्यांना दर रविवारी गाडीवरून आणाल का?"

मी क्वायरमध्ये गात होते. लग्न होऊन कोडोलीहून कोल्हापुरात आले, तेव्हा या शहरात पहिल्यांदा मला आपलं वाटलं ते क्वायरच्या बाकावर. सराव उपासनेच्या आधी असायचा, आणि सराव बुडवणाऱ्यानं पुढं उभं राहायचं नाही, हा आमचा नियम. मावशींना आणायचं म्हणजे गाणं सोडायचं. मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते."

"करा की," ते हसून म्हणाले. "पण येत्या रविवारी कुणीतरी जायला हवंच."

त्या आठवड्यात मी प्रार्थना केली, म्हणजे देवाला माझ्याऐवजी दुसरी दोन-तीन नावं सुचवली. शुक्रवारपर्यंत एकही नाव मलाच पटेना. शनिवारी क्वायरच्या बाईंना फोन करून आता येणार नाही म्हणून सांगितलं आणि रविवारी सकाळी स्कूटर काढली.

मावशी दारात तयारच उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, डोक्यावरून पदर, हातात काठी. मागच्या सीटवर बसल्या, माझा खांदा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "सरळ चर्चला न्हाय जायचं. आधी तालमीमागच्या बोळात घे."

मला वाटलं, काही द्यायचं-घ्यायचं असेल. बोळातल्या एका निळ्या दारासमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या, काठीनं पायरी चाचपली आणि मोठ्यानं हाक मारली, "अक्का, बरी हाईस न्हवं?"

आत भांडी वाजत होती, ती थांबली. उत्तर आलं नाही. मावशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन गाडीवर बसल्या. "चल आता."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. चर्चमध्ये आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अर्पणाची पिशवी फिरत फिरत आमच्या बाकावर यायची, तेव्हा मावशी ती हातात घ्यायच्या, क्षणभर डोकं खाली घालायच्या आणि काही न टाकता पुढं द्यायच्या. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. मलाही अवघडल्यासारखं व्हायचं. पेन्शन मिळत होती त्यांना, काही अडचण नव्हती.

एकदा बोळातून निघताना मी चिडूनच विचारलं, "मावशी, त्या दार उघडत नाहीत, तर कशाला जायचं? उपासनेला उशीर होतो."

त्या म्हणाल्या, "गाडी जरा बाजूला घे. सांगते."

एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. अक्का म्हणजे त्यांची पूर्वीची शेजारीण. एका नळावर पाणी भरलेलं, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. अक्काच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तेव्हा मुलाकडची माणसं गुपचूप चौकशीला मावशींकडं आली. पोरीला लहानपणी फिट यायच्या. मावशींनी ते सांगून टाकलं. लग्न मोडलं. पुढं पेठेत चर्चा झाली आणि पोरीचं लग्न कितीतरी वर्षं रखडलं. आता ती गडहिंग्लजला सासरी सुखात होती, पण अक्कानं मावशींशी बोलणं टाकलं ते कायमचं.

"पण तुम्ही खोटं नव्हतं ना सांगितलं," मी म्हटलं.

"खरंच सांगितलं. मी पण तेच म्हणत बसले इतकी वर्षं. पण 'तिच्या आईला विचारा' असं म्हणायला माझी जीभ झडली हुती का? मोठेपणा मिरवायचा हुता मला. चर्चची बाई खोटं बोलत न्हाय म्हणून." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "एक दिवस पिशवी हातात आली आन् अक्काचं तोंड डोळ्यांपुढं आलं. प्रभूनं सांगितलंय न्हवं, दान ठेव बाजूला, आधी जा, जिचं मन दुखावलंस तिच्याशी समेट कर, मग ये. किती येळा ऐकलं हुतं मी ते!"

"मग तुम्ही जाता ना. तेवढं पुरे नाही का?"

"त्यानं 'हाक मारून ये' न्हाय म्हटलं की. 'समेट करून ये' म्हटलंय."

 त्यानंतर मीही दर रविवारी त्या दाराकडं बघत उभी राहू लागले. सरावाच्या वेळी माझ्या डोक्यात गाणी असायची, तशी आता ती हाक असायची. मोकळेपणानं सांगायचं तर क्वायरचा बाक अजून हवासा वाटायचा. पण मावशींचा खांद्यावरचा हात मला सवयीचा झाला होता.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी गेले, तर मावशी अंथरुणात. अंगात ताप. मी म्हटलं, "आज राहू दे चर्च. मी थांबते तुमच्याजवळ."

"थांब मग. पण आधी तेवढं अक्काच्या दारात जाऊन ये."

"मी? मी काय म्हणू?"

"मी म्हणते तेच म्हण."

मी गेले. निळ्या दारासमोर उभी राहिले, पण अक्का म्हणून हाक मारायचा माझा काय अधिकार? शेवटी म्हटलं, "काकू, बऱ्या आहात ना?"

दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की मी दचकले. ठेंगण्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई. त्यांनी माझ्या मागं गाडीकडं पाहिलं.

"ती कुठाय?"

"ताप आलाय त्यांना."

"कवापासनं?"

"कालपासून, म्हणतात."

"आन् एकटी ठेवून आलीस व्हय?" त्यांनी चपला पायात सरकवल्या, दाराला कडी घातली आणि माझ्याआधी गाडीवर बसल्या.

मावशींच्या खोलीत शिरल्यावर अक्कानं कपाळाला हात लावून पाहिला. "तव्यागत तापलीयास की. औषध घेतलंस का?"

मावशींनी आवाज ओळखला. उठायला गेल्या, तर अक्कानं खांदा दाबून झोपवलं.

"अक्का, माझं चुकलं गं," मावशी म्हणाल्या.

"चुकलंच की," अक्का म्हणाल्या. पाण्यात फडकं भिजवून पिळलं आणि कपाळावर ठेवलं. "पर मला काय सांगतीस? पोरीला सांग. तिचं वय गेलं घरात बसून."

मग त्यांनीच मोबाइल काढून मुलीला लावला आणि मावशींच्या कानाशी धरला. मावशी एवढंच म्हणाल्या, "बाळ, मी मावशी. मला तुझी माफी मागायची हाय."  पलीकडून मुलगी म्हणाली, "मावशी, फोनवर न्हाय जमणार मला. दिवाळीला येते. तवा बोलू."

ती खरंच आली. मावशींच्या खोलीत दोघी बसल्या, दार लोटून घेतलं. अक्का आणि मी बाहेर पायरीवर, पुढ्यात सुपात निवडायचे तांदूळ. आतून आधी फक्त मुलीचा आवाज येत होता, चढा, भरभर. मावशींचा अजिबात नाही. अक्काचे हात थांबले. "बोलू दे तिला," त्या हळूच म्हणाल्या, "कुणापुढं बोललीच न्हाय ती." मग रडणं ऐकू आलं, कुणाचं ते कळेना. त्या दोघी काय बोलल्या, मी कधी विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं मुलगी बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा निवलेला. आईला म्हणाली, "आई, मावशीला जेवायला बोलावलंय आपल्याकडं. आत्ताच."

"आत्ता सांगतीस व्हय?" अक्का पदर झटकून उठल्या. "घरात नुसती वांगी हाईत."

"मग वांगीच कर की."

"तिला वांगं चालत न्हाय, अंगाला खाज सुटती," अक्का म्हणाल्या आणि भाजीची पिशवी माझ्या हातात दिली. "जा गं बाई, कोपऱ्यावरनं दोडकी घेऊन ये. कवळी बघून घे."